सत्तावीसच्या पाढ्याइतकं ऊन

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी मला सत्तावीसचा पाढा म्हणायला लावला.

मी तेव्हा सतरा वर्षांची. आमच्या गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे, अजूनही सांगते. बाबा मला घेऊन नागपुरात महाल भागातल्या गल्ल्यांतून खोली शोधत हिंडत होते. तीन घरांनी 'एकटी पोरगी नको' म्हणून दार लावून घेतलं. चौथ्या घराचं दार एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी उघडलं. अंगात बंडी, खाली धोतर, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. रंगपंचमी होऊन तीन महिने झाले होते.

"पोरगी कॉलेजात शिकणार हाये जी," बाबा म्हणाले.

"ते राहू द्या. पाढे येतात का हिले?"

"तिसापर्यंत येतात," मी म्हणाले.

"सत्तावीसचा म्हण. घाई नको, रेंगाळणंही नको."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सत्तावीसचा पाढा म्हटला. ते डोळे मिटून, निळं बोट चौकटीवर आपटत ऐकत होते. सत्तावीस दाहे दोनशे सत्तर झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. "अकरा सेकंद. चांगली पोट्टी आहे. गच्चीवरची खोली हिची." आणि बाबांकडे वळून, "बाकीचं घरात विचारा. मले त्यातलं काही समजत नाही."

जिना चढताना बाबा माझ्या कानाशी लागले. "माणूस येडा दिसते वं. पण घर चांगलं हाये."

गल्ली त्यांना निळे काका म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीसुद्धा निळी होऊन गेली होती.

त्या निळेपणाचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारासमोरच दिसलं. गच्चीवर एक काच होती. चार फूट लांब, तीन फूट रुंद, बोटभर जाड, सागवानी चौकटीत बसवलेली. बंद पडलेल्या कापडाच्या दुकानाच्या शोकेसमधून ती त्यांनी आणली होती. चौकटीला मागून फळी, फळीला चार खिट्ट्या. फळीवर मसाला लावलेला कागद, त्यावर नकाशाचं पारदर्शक कापड, त्यावर काच, आणि वर नागपूरचा सूर्य. ऊन लागलं की कागद हिरवट पिवळ्याचा राखाडी होई. मग तो काढून पाण्याच्या टाक्यात बुडवायचा. दोन हेलकावे दिले की पाण्यातून गडद निळा रंग उठून येई आणि त्यावर पांढऱ्या रेघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. आयुष्यभर मी पाण्याने अक्षरं पुसलेली पाहिली होती. पाण्याने रेघा उमटतात हे मला माहीत नव्हतं.

"ओरडली!" काका खूश होऊन खाली काकूंना सांगू लागले. "ऐकलं का? ही पण ओरडली!"

"मले ऐकू आलं. पूर्ण महालाले ऐकू आलं," काकू खालून म्हणाल्या.

काका तीस वर्षं सरकारी बांधकामाच्या कचेरीत ट्रेसर होते. म्हणजे साहेबांनी नकाशा काढायचा आणि ह्यांनी त्यावर पारदर्शक कापड ताणून तो शाईने गिरवायचा, मग त्याच्या प्रती छापायच्या. कचेरीत विजेचं मशीन आलं, जुनी काच अडगळीत गेली, आणि काका निवृत्त होऊन घरी आले ते स्वतःची काच बनवूनच. "नागपुरात घरच्या घरी एवढा मोठा कागद छापणारा दुसरा माणूस दाखव," ते म्हणत. मला दुसरा ठाऊक नव्हता. पहिलाच किती दिवस खरा वाटत नव्हता.

कागदाला मसाला ते स्वतः लावत. खालच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून, स्पंजाने, एका दिशेने. त्या दिवशी घरात कोणाला अंघोळ नाही. टाक्याच्या पाण्यात शेवटी अर्धं लिंबू पिळत. का म्हणून विचारलं तर म्हणत, "काहून म्हणजे? तू वरणावर काहून पिळतं?"

आणि पाढे. पाढ्यांशिवाय काच उन्हात जातच नसे. घरात दोन घड्याळं होती, दोन्ही चालू. पण काकांचं म्हणणं, घड्याळाला उन्हातलं कळत नाही. "ढग आला तरी ते चालूच राह्यते, मूर्ख. पाढा थांबवता येते. ढग आला, थांबा. ढग गेला, तिथूनच पुढं चला. कागदाले फक्त ऊन मोजायचं असते, वेळ नाही." मे महिन्यात दोनपासून बारापर्यंतचे पाढे. दिवाळीत दोन ते वीस. डिसेंबरात दोन ते सत्तावीस. त्या महिन्यात माझा घसा बसलेला असायचा. मध्ये बोलायचं नाही, शिंकायचं नाही. एकदा पोस्टमनने जिन्यात येऊन हाक मारली तर काका त्याला हातानेच 'थांब' म्हणाले आणि तेरा साते एक्क्याण्णवपासून तेरा दाहे एकशे तीसपर्यंत तो बिचारा मनिऑर्डर हातात धरून उभा.

नकाशे छापून झाले की उरलेलं ऊन वाया जाऊ द्यायचं नाही, हा दुसरा नियम. मग काचेखाली काहीही जाई. पपईचं पान. काकूंनी विणलेली जाळी. मोडक्या छत्रीच्या काड्या. रोहू माशाचा काटा. माझी वेणीची रिबन. भिंतीवर हे सगळं निळ्यावर पांढरं असं लटकत असायचं, अगदी खऱ्या मापाचं.

काकूंचं मात्र ह्या काचेशी उभं वैर होतं, कारण गच्चीवरचं ऊन एकच आणि मार्चमध्ये पापडही वाळवायचे असतात. एका वर्षी दोघांनी मिळून गच्चीवर खडूने रेघ मारली, इकडे पापड, तिकडे काच. रेघ काकांनी मारली होती, त्यामुळे ती अगदी सरळ होती आणि पापडांच्या बाजूला अगदी कमी जागा होती. वारा सुटला, मसाल्याचा कागद उडून पापडांवर पडला आणि पन्नास-साठ पापड निळे झाले. काकूंनी ते परातीत भरले आणि काकांच्या ड्रॉइंग बोर्डावर नेऊन ओतले. काका मला हळूच म्हणाले, "पण रंग कसा धरला पाह्य! पापडावर एवढा धरते हे मले माहीत नव्हतं."

आता शाळेची गोष्ट सांगते, म्हणजे हा माणूस कसा होता ते कळेल.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे हायस्कूल चार कोसांवर, मध्ये नदी. मी गेले, कारण बाबांनी गावाचं ऐकलं नाही. माझं बी.ए. व्हायला दोन वर्षं उरली होती तेव्हा माझी धाकटी बहीण सुमी सातवी पास झाली, आणि आजारी आईच्या मदतीला घरी राहिली. पाहुणे यायला लागले होते. गावात आठवीचा वर्ग निघाला तर सुमी शिकेल, नाही तर पुढच्या लगीनसराईत उजवतील, इतकं ते सरळ होतं. गावाने हायस्कूलसाठी जागा दिली, श्रमदानाची तयारी दाखवली. पण मंजुरीसाठी इमारतीचा नकाशा लागतो. तो मी काकांना मागितला.

काकांनी निळं बोट बंडीला पुसलं. "तीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या," ते म्हणाले. "मले कोणी विचारलंच नाही, तू काय काढशील म्हणून."

त्यांनी पंधरा दिवस शाळा काढली. मधोमध ऑफिस, समोर व्हरांडा, उजव्या हाताला काटकोनात वर्गांची ओळ. ओळखीच्या इंजिनिअरने पाहून सही केली. मी नकाशा सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत दिला आणि आठव्या दिवशी तो परत आला. शेरा होता: मुलींच्या संडासाची सोय दाखवलेली नाही.

काकांचा चेहरा पडला. "आमच्या कचेरीत तीस वर्षं बाईमाणूस नव्हतंच," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच नाही आलं."

अर्ज द्यायची मुदत जुलैअखेर, आणि दुसरा दिवस जुलैचा शेवटचा. सुधारलेला नकाशा चार प्रतींसह पाचच्या आत. काकांनी सकाळी बसून संडास काढला, जागा मिळाली तिथे बसवला, इंजिनिअरकडून पुन्हा सही आणली. अकरा वाजता सगळं तयार. मसाल्याचे कागद पाच. फक्त सूर्य नव्हता. आभाळ असं भरलेलं की गच्चीवर माझी सावलीसुद्धा पडत नव्हती.

"काका, सीताबर्डीवर प्रती काढायच्या मशीनचं दुकान आहे. तिथून काढू ना."

"ते मशीन कागदाले उजेड दाखवते. ऊन नाही दाखवत."

"पण सुमीचं—"

ते अंघोळीला गेले. आणि मी जे केलं ते सांगायला आजही बरं वाटत नाही. मी नकाशाचं कापड गुंडाळलं, प्लास्टिकच्या कागदात बांधलं, काकूंची सायकल काढली आणि सीताबर्डी गाठली. दुकानदार दारातच हातपंख्याने वारा घेत बसला होता. "सकाळपासून लाईट नाही बाई. मशीन बंद. उद्या या."

उद्या! मी परत आले तेव्हा काका दारात उभे होते, त्याच चौकटीत, जिथे मी सत्तावीसचा पाढा म्हटला होता.

"छापली?"

"लाईट नाही तिथं."

त्यांनी गुंडाळी उलगडून कापड वरपासून खालपर्यंत पाहिलं. ह्या कापडाला खळ असते. पाण्याचा एक थेंब पडला की फुगतं, रेघ फाटते. "प्लास्टिकात बांधून नेलं," ते म्हणाले. "एवढं तरी शिकली." बस्स. मी रडायच्या बेतात होते तर ते जिना चढून वर गेले आणि वरून ओरडले, "वर ये लवकर! हिंगण्याकडं पाह्य!"

पश्चिमेला, हिंगण्याच्या बाजूला, ढगांच्या खाली एक पिवळी पट्टी उघडली होती. हाताच्या पंजाएवढी.

"सूर्य इकडं येत नाही," काका म्हणाले, "तर आपण जाऊ."

त्यानंतरचे चार तास मी काल घडल्यासारखे सांगू शकते. काकूंनी घोंगडी दिली, बादली दिली, आणि काकांना बजावलं, "काच फुटली तर तिकडंच राहा." नाक्यावरच्या सायकलरिक्षात काच उभी केली. काका तिला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले, मी कागदाचं पत्र्याचं नळकांडं पोटाशी धरून.

रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचं?"

"उन्हात."

"उन्हात म्हणजे कुठं गा?"

"जिथं दिसंन तिथं. चाल!"

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो काय समजला कोण जाणे, पण त्याने पायडल मारलं. सीताबर्डीच्या चौकात ढग. पुढे धरमपेठेत ढग. काका मान बाहेर काढून आभाळाकडे बघत, "डावीकडं! नाही, सरळ! पळून राह्यलं ते!" रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. चढावर मी उतरून ढकलत होते आणि कॉलेजची एक मैत्रीण फुटपाथवर दिसली. तिने ओळख दाखवली नाही. मीही नाही.

आणि अंबाझरीच्या तलावाशी आम्ही त्याला गाठलं. झाडांच्या पलीकडून ऊन सरळ बांधावर पडलं होतं, पांढरं, कडक. रिक्षावालाच पहिला ओरडला, "हे घ्या तुमचं ऊन!"

काका पाणी भरायला तलावाकडे धावले. कागद भरायचं काम माझं. घोंगडीखाली शिरायचं आणि अंधारात बोटांनी सगळं लावायचं: आधी कागद, त्यावर कापड, शाईची बाजू वर. शाई बोटाला लागते, रेघ किंचित उठलेली असते. काकांनी शंभर वेळा शिकवलं होतं. पण मी घाईत होते. खिट्ट्या लावल्या, काच उन्हात ठेवली, आणि दोघांनी सुरू केलं. बे एके बे. त्या दिवशीच्या उन्हाला बावीसपर्यंत.

काकांनी कागद पाण्यात बुडवला, हलवला, वर उचलला. निळं सुंदर आलं होतं. पण त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"ही कोणाची शाळा वं?"

वर्गांची ओळ डाव्या हाताला होती. अक्षरं सगळी उलटी, आरशातल्यासारखी. मी कापड पालथं घातलं होतं.

"फाड ते," काका म्हणाले. हा त्यांचा तिसरा आणि सगळ्यात कडक नियम: बिघडलेली प्रत जिवंत ठेवायची नाही. "चार कागद, चार प्रती. आता चुकायचं नाही. मोजत बसू नको, भर!"

मी भरला. दुसरा निघाला. तिसरा निघाला. चौथा निघाला. रिक्षावाला आता आपण होऊन बादली भरून आणत होता. शेवटचा कागद लावला तेव्हा चार वाजायला आले होते. बे, तीन, चार. अकरा, बारा. आणि एकोणीसच्या पाढ्यात, एकोणीस पंचे पंच्याण्णवला, ढग आला.

काकांचं बोट हवेत थांबलं. पुढचं 'सक' तोंडात धरून आम्ही उभे. बोलायचं नाही. तलावावर वारा, रिक्षाच्या हुडाला चिमट्याने लावलेल्या तीन ओल्या प्रती फडफडताहेत, चौथ्या प्रतीवर अर्धी शाळा छापलेली. मला सुमी दिसत होती, चुलीपुढे. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे आभाळावर नव्हतेच, काचेवर होते. किती वेळ गेला? पाढा नाही, म्हणजे मला सांगता येणार नाही.

काचेवर उजेड चमकला आणि तिघंही एका दमात ओरडलो, "एकोणीस सक एकशे चौदा!" होय, तिघं. रिक्षावालासुद्धा.

सिव्हिल लाइन्समध्ये पोचलो तेव्हा पाचला दहा कमी. टेबलावरच्या बाबूने प्रती हातात घेतल्या आणि बोटं झटकली.

"ओल्या आहेत. पाऊस लागला की काय?"

"ऊन लागलं," काका म्हणाले.

त्याने शिक्का मारला.

आता कबुली. ती उलटी प्रत मी फाडली नव्हती. नियम मला पाठ होता, पण हात धजला नाही. निळी इतकी सुरेख आली होती. घडी करून पिशवीत ठेवली, आणि पुढच्या रविवारी बाबा आले तेव्हा त्यांना दिली. "गावात दाखवायला," मी म्हटलं. "अशी होणार आपली शाळा." बाबांनी ती डोक्याच्या फेट्याशी लावली.

मंजुरी आली, पण मंजूर झालेली प्रत गावी पोचायला इतके महिने लागले की तोवर गावाने काम सुरूही केलं होतं. आली तेव्हा सरपंचांनी ती लाल कापडात बांधून पेटीत ठेवली. मधल्या काळात, पुढच्या जूनपासून, आठवीचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भरू लागला, सुमी त्यात बसू लागली. पण तो तात्पुरता. इमारत तपासून पास झाली तरच वर्ग कायम.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. डिसेंबर. बाबा एका सकाळी अचानक दारात. हातात दोन कागद: एक साहेबाचं पत्र, एक ती निळी घडी, आता कोपऱ्यांवर फाटलेली, चुन्याने माखलेली.

"साहेब आला होता तपासाले," बाबा म्हणाले. "म्हणे, नकाशापरमाणे बांधकामच नाही. पुढच्या गुरुवारी परत येतो म्हणे, नकाशा सुधरून दाखवा, नाही तं वर्ग बंद. असं कसं होईन वं? मिस्त्रीनं ह्या कागदाच्या रेघेले रेघ लावून बांधलं!"

मी घडी उलगडली. "बाबा, ह्यावरची अक्षरं उलटी आहेत. कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"ते तं विंग्रजी हाये ना," बाबा म्हणाले. "आमाले वाटलं तसंच राह्यते."

खरंच होतं. आमच्या गावात इंग्रजी सुलटं कसं दिसतं हे माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? पहिली शिकलेली म्हणून मिरवणारी मी. आणि माझ्याच हातून गावाची शाळा उलटी बांधली गेली होती.

काकांना मी सगळं सांगितलं. न फाडल्याचंही. मला वाटलं ह्या वेळी नक्की खोली सोडायला सांगतील. त्यांनी चुन्याने माखलेली ती प्रत टेबलावर पसरली, मिस्त्रीच्या बोटांचे ठसे बघितले, मापांसाठी मारलेल्या कोळशाच्या खुणा बघितल्या.

"बांधली?" ते म्हणाले. "म्हणजे उभी आहे? खरंच?"

"हो, काका. पण उलटी."

"ते समजलं मले." आणि ते उठून चप्पल शोधू लागले. "गुरुवारी साहेब येते नं? बुधवारची एस.टी. धरू. जागेवर मोजल्याशिवाय मी रेघ बदलत नाही."

काच एस.टी.च्या टपावर गेली. कंडक्टर म्हणाला, "आरसा हाये काय?" काका म्हणाले, "त्याहून वाईट."

शाळेसमोर उतरल्यावर ते आधी इमारतीला एक फेरी मारून आले. मग फीत घेऊन एकेक भिंत मोजली. व्हरांड्यात उभं राहून वारा बघितला. शेवटी कडेला जाऊन संडास बघितला. तो आता कुंपणाच्या, बोरीच्या झाडांच्या आडोशाला आला होता.

"माझ्या नकाशात हा कुठं येत होता?" त्यांनी मला विचारलं.

मी विचार केला. "रस्त्याच्या तोंडावर."

"हूं." त्यांनी फीत गुंडाळली. "पोरी गेल्याच नसत्या."

ओट्यावर बसून त्यांनी कापड पालथं घातलं. रेघा आपोआप बरोबर झाल्या. मग ब्लेडने एकेक उलटं अक्षर खरवडलं आणि पुन्हा सुलटं लिहिलं. दिवसभर तेच. गावातली माणसं येऊन बघून जात होती. बाबा मधूनमधून पाणी आणून देत आणि विचारत, "चहा ठेवू का जी?"

गुरुवारी साहेब अकरा वाजता आला तेव्हा कागद भरून झाला होता, काच शाळेच्या पटांगणात उन्हात जायची होती, आणि आठवीचा अख्खा वर्ग, बावीस मुलं, गोल करून उभा होता.

"हे काय चाललं आहे?" साहेब म्हणाला.

"सुधारलेला नकाशा तयार होऊन राह्यला," काका म्हणाले. "जरा बाजूले व्हा, तुमची सावली पडते."

साहेब बाजूला झाला. मला वाटतं तो इतका चकित झाला होता की बाजूला होण्याशिवाय त्याला काही सुचलं नाही.

"दोन ते सत्तावीस," काकांनी मुलांना सांगितलं. "डिसेंबर आहे."

बावीस आवाज एकदम उठले. बे एके बे! बोरीवरचे पक्षी उडाले. पाचाचा, नवाचा, बाराचा. मुलं काचेवर वाकून कागद राखाडी होताना बघत होती आणि गर्जत होती. सतराचा जरा लडखडला. एकोणीसचा कसाबसा. वीस दाहे दोनशे म्हणून सगळी एकदम गप्प झाली. पुढचे पाढे त्यांना येत नव्हते.

काकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एकवीस एके एकवीस."

सुमी. वर्षभर घरी होती तेव्हा चुलीपुढे, विहिरीवर, आईचे पाय चेपताना ती पाढे म्हणायची, हे मला आईने नंतर सांगितलं. मी नागपूरला जाताना तिसापर्यंत लिहून दिले होते. बावीस. तेवीस. घाई नाही, रेंगाळणं नाही. काका हात मागे बांधून, डोळे मिटून ऐकत होते, निळं बोट हलत होतं. साहेबाने कानावरची पेन्सिल काढून हातात धरली होती आणि लिहायचं विसरला होता. ढगाचा एक तुकडा आला, सुमी पंचवीस साताला आपोआप थांबली. कोणी शिकवलं नव्हतं. ढग गेला, तिथूनच पुढे गेली.

सत्तावीस दाहे दोनशे सत्तर.

काकांनी कागद बादलीत बुडवला. मुलं ओरडली, मी ओरडले, साहेबाच्या तोंडून 'अरे!' निघालं. पांढऱ्या रेघांची शाळा पाण्यातून वर आली, वर्गांची ओळ डाव्या हाताला, अक्षरं सुलटी, आणि तिच्या मागे अगदी तशीच दुसरी, विटांची. साहेबाने एकदा कागद बघितला, एकदा इमारत. मग ओल्या कागदाच्या कोपऱ्यावरच सही केली. शाई पसरली. काकांना ती पसरलेली सही मुळीच आवडली नाही, पण त्यांनी कागद सावलीत वाळायला टाकला.

परतीच्या एस.टी.ची वाट बघत आम्ही झाडाखाली उभे होतो. बाबा काच टपावर चढवायला दोन माणसं बोलावत होते. काका सुमीकडे निरखून बघत होते.

"ही कोण वं?"

"माझी बहीण. सुमी. हिच्यासाठीच तर—"

"किती शिकणार म्हणते?"

"हिच्याएवढं," सुमी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. लाजली नाही.

काकांनी मनातल्या मनात काही हिशेब केला, बहुधा उन्हाचाच. मग बाबांना हाक मारून म्हणाले, "गच्चीवरची खोली हिची. बाकीचं घरात विचारा."